तटस्थाचा रकाना

माणसाने लिहिलेल्या मजकुरावरून त्याच्या मनाची अवस्था गणनेने ओळखता येईल काय, हा प्रश्न आज नवा म्हणून चर्चिला जात असला तरी त्याच्या पाठीशी साठांहून अधिक वर्षांचा इतिहास आहे. हार्वर्ड विद्यापीठात फिलिप स्टोन आणि त्यांचे सहकारी यांनी गेल्या शतकाच्या सातव्या दशकात 'जनरल इन्क्वायरर' नावाची संगणकीय पद्धती सिद्ध केली, शब्दांचे अर्थगट पाडून दिलेल्या मजकुरात कोणत्या गटाचे शब्द किती वेळा येतात ते यंत्राकडून मोजविले, आणि १९६६ साली त्या उद्योगाचा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्या संशोधनातील एका प्रयोगापाशी, शेतकऱ्यांच्या आत्महत्यांनी पोळलेल्या यवतमाळ जिल्ह्यात राहणाऱ्या माझ्यासारख्या मनुष्याची नजर अडकल्यावाचून राहत नाही. एडविन श्नाइडमन आणि नॉर्मन फार्बरो या मानसशास्त्रज्ञांनी १९५७ साली प्रसिद्ध केलेल्या, आत्मघात करणाऱ्यांच्या ३३ खऱ्या चिठ्ठ्या आणि इतर माणसांकडून कल्पनेने लिहवून घेतलेल्या ३३ चिठ्ठ्या यंत्रापुढे ठेवून, दोहोंतील भेद शब्दांच्या मोजणीतून उमगतो काय हे त्यात पाहिले गेले. तो बऱ्याच अंशी उमगला. प्रत्यक्ष वस्तूंचे, व्यक्तींचे आणि स्थळांचे उल्लेख खऱ्या चिठ्ठ्यांत अधिक होते. विचाराचे, निर्णयाचे, मनाच्या घालमेलीचे शब्द मात्र रचलेल्या चिठ्ठ्यांत अधिक आढळले. ज्याने ते दुःख भोगले नव्हते त्याने दुःखाविषयी लिहिले, आणि ज्याने भोगले होते त्याने घरातल्या वस्तूंविषयी लिहिले, असा त्या निष्कर्षाचा मी अर्थ करतो. आणि पुढे जे मी सांगणार आहे त्याचे बीज याच एका गोष्टीत आहे.

मी आयुष्यभर मराठीचे अध्यापन केले, आणि सेवानिवृत्तीनंतर, या वयात संगणकाशी माझा काही संबंध येईल अशी कल्पनाही नसताना, पुण्यात अभियंता म्हणून काम करणारा माझा एक जुना विद्यार्थी घरी आला. जिल्ह्यातील एका स्वयंसेवी मंडळाने शेतकऱ्यांनी तहसील, कृषी आणि बँक कचेऱ्यांत वर्षानुवर्षे दिलेल्या निवेदनांच्या नकला, नावे व गट क्रमांक वाचणाऱ्यांपासून झाकून, जमविल्या होत्या. शिवाय गावोगावी बसून ध्वनिमुद्रित केलेले संभाषणही बरेच होते. या ढिगाऱ्यातून, ज्यांच्या शब्दांत धीर सुटल्याची चाहूल लागते असे कागद यंत्राने आधी वेगळे काढावेत, म्हणजे त्या त्या घरी समुपदेशकाला किंवा आशा कार्यकर्तीला लवकर पोहोचता येईल, असा त्यांचा हेतू होता. शासनाने २०१५ साली यवतमाळ आणि उस्मानाबाद या दोन जिल्ह्यांसाठी बळीराजा चेतना अभियान हाती घेतले, आणि आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांतील शेतकऱ्यांच्या मानसिक आरोग्यासाठी प्रेरणा प्रकल्प त्याच वर्षी सुरू झाला. त्याच जातीचा हा हेतू, फक्त साधन निराळे. "सर, यंत्राला शिकवायला आधी माणसांनी वाक्ये वाचून खुणा करून द्याव्या लागतात, आणि ती माणसे इथलीच पाहिजेत," असे तो म्हणाला. मला नकार देण्याचे कारण दिसले नाही. माझ्याबरोबर एक निवृत्त कृषी सहायक, एक ग्रामसेवक आणि शेतकरी कुटुंबांतल्या दोन महाविद्यालयीन मुली बसू लागल्या, आणि दर वाक्यासमोर सकारात्मक, नकारात्मक किंवा तटस्थ यांपैकी एक खूण करण्याचे काम आम्ही पत्करले.

आमच्या वाचनाला आरंभ होण्यापूर्वी, तुलनेसाठी म्हणून, माझ्या विद्यार्थ्याने तेच कागद सर्वांत जुन्या पद्धतीने यंत्राकडून वाचवून घेतले होते. ही पद्धती शब्दकोशाची. प्रत्येक शब्दाला शुभ किंवा अशुभ असे मूल्य आगाऊ द्यायचे आणि मजकुरातील मूल्यांची बेरीज मांडायची. भारतीय भाषांपैकी हिंदीसाठी असा भावकोश मुंबईच्या आयआयटीतील पुष्पक भट्टाचार्य आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी २०१० च्या सुमारास तयार केला, आणि २०१२ साली हिंदी व मराठी यांचे परस्परांशी जोडलेले शब्दजाल वापरून एका भाषेतील खुणांवर दुसऱ्या भाषेतील मजकूर जोखण्याचा प्रयोगही त्यांनी केला. या मार्गाने आमच्या निवेदनांचा निकाल असा लागला की, त्यांतील मोठा हिस्सा सकारात्मक ठरला. ज्याने तहसील कचेरीच्या आवारात कधी अर्ज लिहवून घेतला असेल त्याला याचे कारण सांगावे लागणार नाही. मेहेरबान साहेबांचे सेवेशी, सविनय सादर, कृपावंत होऊन, न्याय मिळावा, जन्मभर उपकृत राहीन, आपला विश्वासू: या शब्दांवाचून अर्ज पुरा होत नाही, आणि भावकोशात हे सर्व शब्द शुभ. मधल्या दोन ओळींत सोयाबीन खरडून गेले, पंचनामा झाला नाही, खात्यात रक्कम जमा नाही, एवढेच असते. त्यात अशुभ मूल्याचा शब्द शोधूनही सापडत नाही. मायना आणि समाप्ती यांच्या बेरजेने मधली पीक बुडाल्याची वार्ता झाकून जाते.

आणखी एक गोष्ट ग्रामसेवकांनी लक्षात आणून दिली, ती मला मूलगामी वाटते. हे अर्ज बहुतांशी अर्जदाराच्या हातचे नसतात. कचेरीबाहेर टेबल टाकून बसलेल्या अर्जनवीसाने, किंवा गावातल्या शिकलेल्या पोराने, ठरलेल्या साच्यात ते लिहून दिलेले असतात. कास्तकार समोर उभा राहून जे सांगतो त्यातले किती कागदावर उतरले हे त्या दोघांनाच ठाऊक. तेव्हा यंत्र ज्या भावाचे मोजमाप करते तो कोणाचा, सांगणाऱ्याचा की लिहिणाऱ्याचा, हा प्रश्न पहिल्याच आठवड्यात आमच्यापुढे उभा राहिला, आणि शेवटपर्यंत तो हटला नाही.

शब्दकोशानंतरची पद्धती उदाहरणांवरून शिकण्याची. २००२ साली बो पँग, लिलियन ली आणि शिवकुमार वैद्यनाथन यांनी चित्रपटांच्या परीक्षणांवर तिचा प्रयोग केला, तेव्हापासून या शास्त्राला खरी गती आली. कोणता शब्द शुभ आणि कोणता अशुभ हे माणसाने सांगायचे नाही, खुणा केलेले पुष्कळ मजकूर यंत्राला द्यायचे आणि संबंध त्याने स्वतः शोधायचा. त्याहून पुढची पायरी म्हणजे २०१८ साली गूगलने प्रसिद्ध केलेले 'बर्ट' नावाचे प्रतिमान, ज्यात वाक्यातला एखादा शब्द झाकून तो आसपासच्या शब्दांवरून ओळखण्याचा अभ्यास यंत्राकडून अवाढव्य प्रमाणात करवून घेतात. त्याच्या बहुभाषिक रूपाची एक आवृत्ती अशी होती की, युरोपीय लिप्यांतील स्वरचिन्हे पुसण्यासाठी केलेली व्यवस्था देवनागरीवरही चालत असे, आणि उकार, मात्रा, अनुस्वार, रफार गळून पडत. सुख लिहिले तर यंत्राच्या हाती सख येई, कर्जाचे करज होई, दुष्काळाचा दषकाळ. कर्त्यांनीच पुढे अन्य लिप्यांसाठी दुसरी आवृत्ती वापरावी असे सुचविले हे खरे. तरी ज्या भाषेत एका उकाराने अर्थ पालटतो त्या भाषेचा विचार आराखड्याच्या वेळी कोणाच्याही मनात नव्हता, हे त्यातून स्पष्ट होते. मराठीची गरज ओळखून ज्यांनी मन लावून काम केले त्यांत पुण्याच्या 'एलथ्रीक्यूब' या गटाचे नाव मी आदराने घेतो. २०२१ साली त्यांनी सुमारे १६ हजार मराठी ट्वीटांवर माणसांकरवी खुणा करून 'महासेंट' हा संग्रह सर्वांसाठी खुला केला, आणि पुढील वर्षी बहुभाषिक पायावर मराठी मजकूर देऊन पोसलेले 'महाबर्ट' हे प्रतिमान दिले. विभक्तिप्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये शब्दालाच चिकटवून लिहिणारी आपली भाषा या प्रतिमानाला पुष्कळच चांगली उमगते. परंतु त्या पहिल्या संग्रहातली ट्वीटे महाराष्ट्रातील प्रसिद्ध व्यक्तींच्या खात्यांवरून घेतलेली होती. अभिनंदन, निषेध, श्रद्धांजली, शुभेच्छा, टीका: प्रसिद्ध माणसे भावना बोलून दाखवितात, कारण तेच त्यांचे सार्वजनिक कर्तव्य असते. त्यांच्यापासून शिकलेले यंत्र घाटंजीच्या किंवा मारेगावच्या कास्तकाराचे बोलणे वाचू लागले की काय घडते हे आम्हांला पाहायचे होते, आणि जे घडले ते असे की, बोलण्यातली बहुसंख्य वाक्ये तटस्थाच्या रकान्यात जाऊन पडली.

एक वाक्य मी विस्ताराने सांगतो. ध्वनिमुद्रणात एक गृहस्थ म्हणतात, "पोयाच्या पह्यले जोडी इकून टाकली." पोळ्याच्या आधी बैलजोडी विकली. यंत्राचा निर्णय तटस्थ. आणि माझ्या विद्यार्थ्याच्या, पुण्याहून आलेल्या आणि मराठी उत्तम जाणणाऱ्या एका तरुण सहकाऱ्यानेही तीच खूण केली होती, कारण यात एक खरेदीविक्रीचा व्यवहार आहे आणि त्याची वेळ आहे. आमच्यातल्या दोन्ही मुलींनी क्षणाचाही विचार न करता नकारात्मक लिहिले. वऱ्हाडात पोळ्याचा दिवस म्हणजे काय हे ज्याने पाहिले आहे, खांदशेकणीपासून तोरणाखाली जोड्या उभ्या राहीपर्यंतचा तो सोहळा ज्याच्या अंगणातून निघाला आहे, त्याला हे ठाऊक असते की, पोळ्यानंतर विकली असती तर ती बैलांची विक्री ठरली असती. आधी विकली याचा अर्थ त्या दिवशी रिकाम्या गोठ्यासमोर उभे राहण्याची पाळी पत्करण्याइतकी नड होती. वाक्यात दुःखाचा एकही शब्द नाही. जे आहे ते सारे 'पह्यले' या एका कालदर्शक शब्दात आहे, आणि त्याचे वजन पंचांग, गाव आणि शेती यांच्या ज्ञानावाचून कळण्यासारखे नाही.

अशी वाक्ये पुढे सापडतच गेली. "पोरीचं औंदा राहू देलं," यात लग्नाचा शब्दसुद्धा नाही. २०१७ च्या पावसाळ्याअखेरीस कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन या जिल्ह्यात २०हून अधिक शेतकरी-मजुरांचे प्राण गेले आणि शेकडो जण रुग्णालयात पडले. त्या दिवसांविषयी बोलताना एक बाई सांगतात की, मालक फवारा मारून घरी आले आणि जेवले नाहीत. त्यापुढे त्या काही बोलत नाहीत, मुद्रणात बराच वेळ शांतता आहे, आणि लेखी नकलेत त्या शांततेला जागा नाही. आमच्याकडचा मनुष्य संकट सांगतो तेव्हा जबानी दिल्यासारखे सांगतो: किती पायल्या, कोणता महिना, कोणाकडून घेतले, किती उरले. हा भावनेचा अभाव मानणे ही मोठी गफलत होईल. महसुलाच्या, पतपेढीच्या आणि बाजार समितीच्या दारात पिढ्यानपिढ्या ज्याला आपली अवस्था आकड्यांनीच सिद्ध करावी लागली, त्याच्या दुःखाने हिशेबाची भाषा उचलली, असे मला वाटते.

काव्यशास्त्र शिकविताना जे मी वर्षानुवर्षे फळ्यावर लिहीत आलो त्याचा प्रत्यय या कामात येईल असे मला कधी वाटले नव्हते. मम्मटाने काव्यप्रकाशात रसदोषांची गणना करताना स्वशब्दवाच्यता हा दोष सांगितला आहे. शोकाला शोक म्हणून, शृंगाराला शृंगार म्हणून नाव घेऊन सांगितले की रसाची हानी होते, तो विभावानुभावांतून व्यक्त व्हावा लागतो. भावकोशाची सारी पद्धती याच्या नेमकी विरुद्ध उभी आहे. भावाचे नाव मजकुरात उच्चारले गेले तरच तिला तो दिसतो. आणि भरताने आठ स्थायी, आठ सात्त्विक व तेहेतीस व्यभिचारी असे एकूणपन्नास भाव मोजले, तेथे आमच्यापुढे तीन रकाने. मी एक दिवस त्या मुलींना व्यभिचारी भावांची यादी वाचून दाखविली आणि आमच्या कागदांतील वाक्ये कोठे बसतात ते पाहण्यास सांगितले. दैन्य, चिंता, विषाद यांत काही बसली, हे अपेक्षितच होते. पण सर्वाधिक वाक्ये त्यांनी धृतीखाली लिहिली. जे आहे त्यावर मन बांधून राहणे, नष्ट झाले त्याचा आकांत न करणे, ही धृती. सकारात्मक म्हणावी तर आनंद नाही, नकारात्मक म्हणावी तर तक्रार नाही, आणि तटस्थ म्हणणे तर अन्याय आहे. ज्याच्या घरी लवकर पोहोचले पाहिजे तो मनुष्य पुष्कळदा याच भावाच्या कडेवर उभा असतो. माझ्या विद्यार्थ्याने तो शब्द टिपून घेतला आणि चौथा रकाना उघडला.

आमच्यांत मतभेद होत, आणि त्यांची या शास्त्रात रीतसर मोजणी असते. जेकब कोहेन यांनी १९६० साली दिलेल्या गुणकाने दोन परीक्षकांचे मत केवळ योगायोगाने जुळले असते त्याहून किती अधिक जुळले हे काढतात. जुळणी कमी असेल तर खुणा अविश्वसनीय ठरतात, आणि बहुमताचा निर्णय ठेवून उरलेले मत पुसून टाकण्याचा प्रघात आहे. फाल्गुनातले एक मुद्रण होते, "कापूस घरातच हाय." कृषी सहायकांचे म्हणणे असे की, यात आशा आहे, ज्याला थांबता येते तोच कापूस घरात ठेवतो, भाव चढेल या भरवशावर. ग्रामसेवक म्हणाले, दिवाळीपासून घरात कापूस म्हणजे सावकाराचा तगादा आणि अंगाला खाज, यात आशा कसली. दोघांनीही आपापल्या गावची घरे डोळ्यांपुढे ठेवून सांगितले होते आणि दोघांचेही खरे होते. बहुमत घेऊन यांतले एक पुसण्यास मी स्पष्ट विरोध केला. अलीकडे या शास्त्रातील काही अभ्यासकही परीक्षकांचा मतभेद जसाच्या तसा जतन करावा आणि यंत्राला तोही शिकवावा असे प्रतिपादन करू लागले आहेत, हे मला नंतर कळले आणि समाधान वाटले. त्या वाक्यासमोर आमच्या तक्त्यात आज दोन्ही मते आहेत.

परीक्षक कोण असावा याविषयी माझे मत एका परदेशी उदाहरणाने पक्के झाले. अमेरिकेतील सिनसिनाटी येथील जॉन पेस्टियन यांच्या गटाने आत्मघातापूर्वीच्या चिठ्ठ्यांतील भाव ओळखण्याची एक संशोधनस्पर्धा २०११ साली योजिली. ९०० चिठ्ठ्या होत्या आणि पंधरा वर्ग होते. त्या चिठ्ठ्यांवर खुणा करण्यासाठी त्यांनी स्वयंसेवक निवडले ते असे, ज्यांनी आपले माणूस याच रीतीने गमावले होते. भाषेच्या पंडितांपेक्षा त्यांचे वाचन प्रमाण मानले गेले. आणि त्या पंधरा वर्गांत निराशा, प्रेम, अपराधभाव हे सर्व असताना सर्वाधिक खुणा ज्या वर्गाला मिळाल्या तो होता सूचनांचा: अमुक वस्तू तमुकाला द्या, अमक्याचे देणे फेडा. ३३ चिठ्ठ्यांच्या जुन्या प्रयोगात प्रत्यक्ष वस्तूंचे उल्लेख अधिक निघाले होते, त्याचेच हे जवळजवळ पन्नास वर्षांनंतरचे समर्थन. आम्ही स्वतः मात्र अशा चिठ्ठ्या आमच्या संग्रहात घेतल्या नाहीत. त्या ज्या घरांच्या आहेत त्या घरांच्याच राहाव्यात, यावर आमचे कोणाचेच दुमत नव्हते.

एका बाबतीत आमचा आग्रह मंडळाला लेखी मान्य करावा लागला. आत्महत्याग्रस्त शेतकरी कुटुंबाला एक लाख रुपयांची मदत देण्याचा शासन निर्णय २००६ पासून आहे, आणि त्यासाठी नावावर जमीन, बँकेचे, संस्थेचे किंवा परवानाधारक सावकाराचे कर्ज आणि वसुलीचा तगादा अशा निकषांवर प्रकरण पात्र किंवा अपात्र ठरते. सातबाऱ्यावर नाव नसलेली बाई, बटईने करणारा मजूर, नातेवाइकाकडून हातउसने घेतलेला तरुण, हे त्या निकषांबाहेर राहतात. अपात्र हा शिक्का त्या घरावर किती वर्षे राहतो हे जिल्ह्यातल्या प्रत्येक गावाला माहीत आहे. अशा मुलखात यंत्राने आणखी एक शिक्का निर्माण करावा आणि त्यावर कोणाची मदत अडावी, हे मला सहन होण्यासारखे नव्हते. म्हणून असे ठरले की, यंत्राची खूण घरी जाण्याचा क्रम लावण्यापुरती वापरायची, कोणालाही वगळण्यासाठी ती कधीही पुढे करायची नाही, आणि ती मजकुराची खूण आहे, माणसाची नाही, असे प्रत्येक पानावर छापायचे.

आता राहिला लिहिणाऱ्याचा आणि सांगणाऱ्याचा प्रश्न. पुसद, दिग्रस, दारव्हा भागात अर्जदाराची घरची बोली पुष्कळदा बंजाऱ्यांची गोरमाटी असते. केळापूर, घाटंजी, झरी-जामणीकडे गोंडी आणि कोलामी. वऱ्हाडीची नोंद १९०५ साली ग्रिअर्सनच्या भाषा-सर्वेक्षणाच्या सातव्या खंडात झाली, आणि कोलामीचे व्याकरण मरे एमेनो यांनी १९५५ साली प्रसिद्ध केले. व्याकरणे आहेत, पण आमच्या यंत्राने ज्यावर शिकावे असा त्या बोलण्याचा संग्रह आमच्या हाती नाही. म्हणून अलीकडे तक्त्यात 'कोणत्या भाषेत सांगितले' आणि 'कोणी लिहिले' असे दोन रकाने आम्ही वाढविले. कोलामांच्या वस्त्यांवरून, म्हणजे पोडांवरून, आलेल्या अर्जांसमोर पहिल्यात कोलामी आणि दुसऱ्यात अर्जनवीस अशी नोंद आहे. भावाचा रकाना त्या अर्जांपुरता कोरा ठेवला आहे, आणि मराठी अर्ज वाचून त्यामागचे कोलामी बोलणे ओळखू शकेल अशा एका शिक्षिकेशी, ती स्वतः त्याच समाजातली आहे, आमची बोलणी सुरू आहेत. तोवर त्या घरांना यंत्राच्या क्रमाची वाट न पाहता आधीच भेटी द्याव्यात, असे मंडळाने ठरविले आहे.